कात्सुहामाचं नाव

३१ ऑगस्ट, सोमवार

आज नवी क्रमवारी छापून आली. आमचा मिकामी बिनपगारी पैलवानांत दुसऱ्या क्रमांकावर आहे. सप्टेंबरच्या सुमो स्पर्धेत सातपैकी चार कुस्त्या मारल्या की पोरगा जुर्योत जाईल, म्हणजे पगारी पैलवानांत. मग कित्येक वर्षांनी आमच्या तालमीत पुन्हा कुणाच्या तरी कमरेला पांढरा लंगोट दिसेल. बाबांच्या फोटोपुढे कागद ठेवला आणि म्हटलं, बघा, तुमची तालीम अजून मोडीत निघालेली नाही.

दिवसभर सगळे मिळून क्रमवारीच्या घड्या घालत बसलो, देणगीदारांना पाठवायच्या म्हणून. ह्यांनीही एक गठ्ठा ओढून घेतला. ही घडी हे तरुणपणापासून घालताहेत. पण आज छापील बाजू आत, मग बाहेर, मग परत आत असं किती वेळ चाललं होतं, आणि शेवटी गठ्ठाच भिरकावून दिला. "कागदच भिकार पाठवलाय यंदा," म्हणाले.

"तेच म्हणतोय वस्ताद, माझ्याही हातात बसत नाहीये," बांदो लगेच म्हणाला.

बांदो छत्तिशीला आला, तालमीतला सगळ्यात जुना पैलवान. खालच्या वर्गातून वर काही गेला नाही, पण चांकोचं, आमच्या रोजच्या रश्श्याचं, पातेलं त्याच्याशिवाय चुलीवर चढत नाही, आणि कुणाची लाज कधी राखायची हे त्याला बरोबर कळतं. उकाडा मेला फार आहे. ह्यांना उकाडा पहिल्यापासून सोसत नाही, डोकं लगेच तापतं.

३ सप्टेंबर

बाई माणसाने सरावाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही हा बाबांचा नियम. त्यामुळे मी जन्मभर सराव नुसता ऐकत आले आहे. स्वयंपाकघरातून ऐकूनच मला कळतं, कोण कुणावर धडकलं, छाती लागली की खांदा. डोक्याला डोकं लागलं की ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज येतो. आमची तालीम त्यासाठीच नावाजलेली. सकाळभरात तो आवाज शंभरदा तरी येत असेल. कुणी पडत नाही, कुणाला काही होत नाही, उठतात आणि परत धडकतात. लहानपणी मला तो आवाज आला नाही तर झोपेतून जाग यायची.

आज मात्र एका आवाजानंतर दुसरा यायला वेळ लागला. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

नंतर मिकामीने दोन वाडगे चांको खाल्लं, वाडगा विसळून आणला आणि बांदोला विचारलं, "दादा, जेवायला कधी बसायचं?" सगळे खो खो हसले. बांदो हसला नाही. स्वयंपाकघरात येऊन मला, तालमीच्या मालकिणीला, हळूच म्हणाला, "ओकामीसान, या आठवड्यात दुसऱ्यांदा विचारलं त्याने हे."

मी ह्यांच्या कानावर घातलं. "डोकं हललं म्हणजे धडक बरोबर बसली," म्हणाले. "आम्हाला तर रोज तारे दिसायचे. मी आणि कात्सुहामा पैज लावायचो, आज कुणाला जास्त."

कात्सुहामा आणि हे एकाच वसंतात बाबांकडे आले. तो हाचिनोहेजवळच्या कोळ्यांच्या गावचा. दोघं वर्षानुवर्षं रोज सकाळी एकमेकांवर डोकं आपटत मोठे झाले, सख्ख्या भावांसारखे. ह्यांचं माझ्याशी लग्न झालं, तालीम ह्यांच्याकडे आली आणि तो गावी परतला. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बंदरात बुडून गेला बिचारा. शेवटी शेवटी दारू फार झाली होती म्हणे.

५ सप्टेंबर

कुणाला न सांगता मिकामीला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. बांदोला सांगितलं की मासळीबाजारात चाललोय. डॉक्टर सेगावा माझ्यापेक्षा बरीच लहान, बोलणं मात्र तोलूनमापून. तिला वाटलं होतं मी त्याची आई. मी म्हटलं, तसंच समजा.

ती म्हणाली, एखादा मोठा मार बसला की सगळे धावतात, पण माझी काळजी त्याची नाही. जे मार कुणी मोजतसुद्धा नाही, ज्याने शुद्ध जात नाही, रक्त येत नाही, तेच रोज रोज साठत जातात. कुणाला काहीच होत नाही. कुणाला वीस-तीस वर्षांनी दिसायला लागतं, आणि कुणाला होईल हे जिवंतपणी खात्रीने सांगता येत नाही.

मग तिने एकेक विचारलं. उगाच राग येतो का? वस्तू कुणी लपवल्या असं वाटतं का? ओळखीचा रस्ता चुकतो का? जुनं सगळं आठवतं पण कालचं आठवत नाही, असं होतं का? मिकामी प्रत्येक वेळी नाही म्हणाला आणि मीही मान हलवली. यातलं खरंच काही नाही त्याला. मला इतकं हायसं वाटलं. पण दुखतं ते दुखतंच, उजेड सोसत नाही, मळमळतं. ती म्हणाली, निदान ही स्पर्धा नको. घाव भरायच्या आत पुन्हा धडकला तर जिवावर बेतू शकतं. प्रमाणपत्र लिहून देऊ का? मी म्हटलं, घरी विचारते.

गाडीत पोरगा खिडकीकडे तोंड करून बसला. "नाही लढलो तर सगळ्या कुस्त्या हरलो असंच धरतात, ओकामीसान. पार खाली जाईन. परत इथवर यायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक."

"आणि मेलास म्हणजे?" मी म्हटलं. फटकन तोंडातून गेलं.

घरी आलो तर ह्यांचा आरडाओरडा चाललेला. म्हणे लाकडी चपला कुणीतरी मुद्दाम लपवल्या. चपला पायांतच होत्या. एवढ्याशावरून दोन पोरांना रडवलं. स्पर्धा जवळ आली की ह्यांचं असंच होतं.

६ सप्टेंबर

ह्यांना सगळं सांगितलं, डॉक्टरकडे नेल्याचंसुद्धा. रागावतील वाटलं होतं. नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बघू या." रात्री जेवताना मी परत विषय काढला तर म्हणाले, "कुठला डॉक्टर?" अंगावर घ्यायचं नसलं की बाबाही असंच करायचे. पुरुषांना ऐकू येत नाही ते बरोबर जिथे हवं तिथेच.

मला झोप लागत नाही. डोळे मिटले की तो आवाज.

८ सप्टेंबर

काय सांगू. आज सकाळी मी मुळा किसत होते आणि आतून ह्यांचा आवाज आला, "कात्सुहामा, हनुवटी आत घे."

सराव थांबला. मग परत, चढ्या आवाजात, "कात्सुहामा, बहिरा झालास का?" आणि मिकामीचा आवाज, "हो, वस्ताद."

बांदो धावतच स्वयंपाकघरात आला, पळी हातात. "ओकामीसान, ऐकलंत? नाव दिलं. वस्तादांनी मिकामीला नाव दिलं."

जुर्योत जाणारा पैलवान घरचं आडनाव टाकतो आणि वस्ताद त्याला कुस्तीचं नाव देतात. कात्सुहामा हे नाव तो गावी गेल्यापासून ह्यांनी कुणालाही दिलं नव्हतं. चांगल्या चांगल्या पोरांसाठी देणगीदारांनी मागून पाहिलं, तरी नाही. आणि आज भर सरावात, सगळ्यांसमोर. म्हणजे इतके दिवस गप्प गप्प होते ते मनात हे चाललं होतं म्हणून, आणि मी उगाच चिडत होते.

मिकामी सरावाच्या खोलीतल्या ओट्यावर कपाळ टेकवून रडत होता. मी दारातून ओरडले, "अरे डोकं जप म्हटलंय ना, आणि तेच काय आपटतोस." सगळे हसले, मीही डोळे पुसले.

रात्री ह्यांना म्हटलं, "नाव देणार हे मला तरी आधी सांगायचं."

"कसलं नाव?"

"पुरे झालं नाटक."

हे हसले. पाहुण्याचं नाव आठवत नसलं की हसतात ना, तसंच. छान लपवतात, लबाड कुठले.

९ सप्टेंबर

आता त्याला थांबवणार कोण? डॉक्टरांचं नाव काढलं तर मिकामी म्हणतो, "कात्सुहामा कधी बसून राहिला होता का?" नव्हता राहिला.

१३ सप्टेंबर

स्पर्धा सुरू. मिकामी पहिलीच कुस्ती जिंकला, एका धडकेत. टीव्हीवर आवाज आला तोच, ओल्या लाकडाचा. बाकी सगळे उड्या मारत होते, मी मोरीत जाऊन उभी राहिले.

ह्यांनी आज आपल्या शेजारी दुसरा पेला मांडून साके ओतली. कात्सुहामाच्या आठवणीला असणार. बरंच वाटलं.

१७ सप्टेंबर

दोन जिंकल्या, एक हरला. हरून आला आणि रात्री उलट्या. बांदोने गुपचूप बादली धुतली.

वर आजचा हा घोर. दुपारी सुमो संघाच्या कचेरीतून फोन, वस्ताद स्पर्धेच्या कामावर आलेच नाहीत. सकाळी तर स्टेडियमला म्हणून निघाले होते. चालत, नेहमीच्या रस्त्याने. बांदो शोधायला गेला. नदीपलीकडे जिथे पैलवानांचं जुनं स्नानगृह होतं, तिथे सापडले. ते पाडूनही जमाना झाला, आता गाड्या लावायची जागा आहे. तिथे पंचा खांद्यावर टाकून उभे होते. दार कधी उघडणार म्हणून एका ड्रायव्हरला विचारत होते.

बांदो मला काहीतरी सांगायला बघत होता. मी म्हटलं, देणगीदारांनी दुपारीच पाजली असेल. तो म्हणाला, "वास तर नाही आला, ओकामीसान." मी त्याला मुळे आणायला पिटाळलं.

कात्सुहामाचं नाव काढल्यापासून ह्यांचं मन मागे मागे जातंय, दुसरं काही नाही.

२२ सप्टेंबर

तीन जिंकल्या, दोन हरला. अजून एक हवी. उद्या योशिएला फोन करायचा आहे. कात्सुहामाची ती बायको. नाव पुढे चालवायचं तर घरच्यांची परवानगी नको का घ्यायला? हे विसरले असणार, ही कामं शेवटी माझ्याच गळ्यात. इकडचा गोड पदार्थही पाठवीन म्हणते.

२३ सप्टेंबर

मिकामी आज हरला. तीन-तीन. शेवटची परवा.

योशिएशी बोलले. लिहू की नको असं झालंय.

मी मोठ्या तोंडाने सगळं सांगितलं, की ह्यांनी नाव द्यायचं ठरवलंय, तुमची हरकत नसेल तर. मग ती म्हणाली, "चिझुरुसान, तुम्हाला माहीत नाही का?"

"काय?"

"वस्ताद मला फोन करतात. उन्हाळ्यापासून. म्हणतात, त्याला जरा बोलवा, आज सरावाला आला नाही. पहिल्यांदा मी सांगितलं, आमचे हे गेले. तर लहान मुलासारखे रडले. दोन दिवसांनी परत फोन. आता मी सांगते, बोटीवर गेलेत, संध्याकाळी येतील."

मी म्हटलं, ते घेतात थोडी जास्त.

"आम्हीही असंच म्हणायचो," योशिए म्हणाली. "आमच्याकडे पहिल्यांदा राग आला. मग चपला चोरीला जायला लागल्या. मग रस्ते चुकले. गावाने दारूवर ढकललं, मीही ढकललं, कारण दारू सुटते असं ऐकलं होतं. शेवटी तर ते थेंबभरही घेत नव्हते. बंदरावर गेले ते सरावाला जातोय म्हणून. लंगोट बांधून गेले होते, बर्फात."

फोन ठेवला आणि ही वही उघडली.

त्या डॉक्टरबाईने विचारलेलं एकेक मी इथेच लिहून ठेवलंय. मागे जाऊन वाचलं. प्रत्येक प्रश्नाला मी शेजारच्या पोराकडे बघून मान हलवत होते.

ह्यांनी नाव दिलेलंच नाही. हे कात्सुहामाशी बोलत होते.

२४ सप्टेंबर

हे संघाला कळवलं तर काय होणार मला ठाऊक आहे. वस्ताद नाही तर तालीम नाही. पोरं दुसऱ्या तालमींत वाटली जातील, बांदोला या वयात कोण घेणार, दारावरची पाटी उतरेल. बाबांनी उभं केलेलं माझ्या हातून बंद होणार. आणि नाही कळवलं तर उद्या तो पोरगा अशा नावासाठी धडकणार जे त्याला कुणी दिलंच नाही. मी पाप घेतेय डोक्यावर, हे मला स्पष्ट दिसतंय.

दुपारी मिकामीला मागच्या अंगणात बोलावलं. कपडे वाळत घालता घालता सांगितलं, म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघायला नको. मी म्हटलं, वस्ताद आजारी आहेत. ती हाक तुझ्यासाठी नव्हती.

तो चादरीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. "माहीत आहे," म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. मी त्यांची पाठ चोळत होतो. तर म्हणाले, योशिएशी लग्न करायचंय हे कळल्यावर म्हातारा काय म्हणाला रे? म्हातारा म्हणजे तुमचे बाबा असणार. मी म्हटलं, हो म्हणाले. वस्ताद इतके खूश झाले, ओकामीसान. तेव्हापासून मी उत्तरं देतोय."

"मग मला का नाही बोललास, गाढवा?"

"सगळ्यांसमोर हाक मारलीय ना. चार जिंकलो तर ते नाव आता कुणाला परत घेता येणार नाही. चुकून मिळालं तर मिळालं. मला हवंय ते."

मग चादरीआडूनच म्हणाला की कालची कुस्ती कशी संपली ते त्याला आठवत नाही. फोनवर बघितली तेव्हा कळलं हरल्याचं. मी म्हटलं, तू उद्या जायचं नाहीस. तो म्हणाला, "वस्ताद सांगतील तर थांबेन." अगदी नम्रपणे म्हणाला. वस्ताद सांगणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

२५ सप्टेंबर

सकाळी ह्यांना चहा दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याशी खोटं बोलले. म्हटलं, "अहो, कात्सुहामाचं डोकं दुखतंय. आज लढायला गेला तर बरं होणार नाही."

हे एकदम सावध झाले. कित्येक महिन्यांत असे डोळे मी पाहिले नव्हते. "फार दुखतंय?"

"फार. काल काय घडलं तेही आठवत नाही त्याला."

"ऐकणार नाही तो."

"तुमचं ऐकेल."

स्पर्धेला निघताना पैलवान सरावाच्या खोलीत येऊन वस्तादांना नमस्कार करतात. मिकामी आला, केस बांधून, बोचकं काखेत. हे गादीवर बसले होते. मी दारातच थांबले. गुडघे टेकून तो म्हणाला, "येतो, वस्ताद."

"बस जरा. आज जाऊ नकोस, कात्सु."

पोराने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं हे कुणी घडवून आणलं ते. चेहरा लालबुंद झाला. "वस्ताद, शेवटची कुस्ती आहे. ही जिंकलो की..."

"हळू बोल. वस्ताद कुठे आहेत इथे? म्हातारा वर झोपलाय." हे पुढे सरकले आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. "डोकं दुखतंय म्हटलंस तर तो पाठवीलच तुला. मी सांगतो, पाय मुरगळलाय. मी सांगितलं तर ऐकतो तो. जावई करून घेणार आहे ना मला."

मिकामीने बोचकं आणखी घट्ट धरलं.

"माझंही दुखतं रे," हे म्हणाले. "कुणाला बोललो नाही. सकाळी उठलो की बराच वेळ कळतच नाही मी कुठे आहे. शेजारी एक बाई झोपलेली असते, चांगली असते, ती कोण ते आठवेपर्यंत गप्प पडून राहतो. चिझुरुला यातलं काही सांगू नकोस हां. घाबरते ती."

मी चौकट धरून उभी होते. पोराने काखेतलं बोचकं काढून खाली ठेवलं. त्याच्या नाकावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. म्हणाला, "नाही सांगत. राहतो मी आज."

"राहा. मीही राहतो."

दोघं तसेच बसले. मी स्वयंपाकघरात गेले. बांदोने सगळं ऐकलं असणार, तो पातेल्याकडे पाठ करून उभा होता. त्याला म्हटलं, डॉक्टर सेगावांकडे जाऊन मिकामीचं प्रमाणपत्र घेऊन ये, आणि आणखी एकाला दाखवायला आणतेय म्हणून सांग. मग संघाला फोन लावला. मिकामी आज लढणार नाही, असं कळवलं. माणूस चांगला होता, वाईट वाटलं म्हणाला, इतक्या जवळ येऊन. मी म्हटलं, आणि आमचे हेसुद्धा आजपासून कामावर येणार नाहीत. आजारी आहेत.

त्याने विचारलं, वस्ताद साधारण कधीपर्यंत परत येतील.

मी म्हटलं, येणार नाहीत.